लाखेचे सैनिक, राळेचे सैनिक

इतिहासाच्या ग्रंथांत मोठ्या सैन्यांची मोजदाद असते. घोडदळ किती, पायदळ किती, तोफा किती ओढल्या गेल्या, कोणत्या घाटात रसद अडली, हे सारे तपशिलाने नोंदलेले आढळते. परंतु बोटभर उंचीच्या सैन्यांचाही एक इतिहास आहे आणि त्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. या सैन्यांतील शिपाई शत्रूच्या हातून मरत नाहीत. त्यांना उन्हाची झळ, पावसाळी हवेचा दमटपणा, कारागिराची घाई आणि व्यापाऱ्याची काटकसर मारते. अमुक लढाईत कोण हरले यापेक्षा अमुक शिपायाची तलवार का वाकली, हा प्रश्न काही वेळा अधिक बोधप्रद ठरतो.

मेजावर मांडून खेळावयाच्या युद्धखेळांचा छंद आज जगभर पसरला आहे आणि बंगळुरातही त्याची मंडळी आहेत. कृत्रिम राळेच्या, म्हणजे व्यवहारात जिला रेझिन म्हणतात तिच्या, मूर्ती ते विकत घेतात, जोडतात, रंगवितात आणि नंतर फाशांच्या दानावर त्यांची झुंज लावतात. या मंडळींच्या बोलण्यात एक तक्रार वारंवार येते. मूर्तीच्या नाकाच्या जागी बुडबुड्याचे भोक असते. भाला केळीच्या पानासारखा वाकलेला असतो. साच्याच्या दोन अर्धांचा मेळ न बसल्याने चेहऱ्यावरून शिवण गेलेली असते. किंमत तर अशी, की त्या पैशांत घरातील मुलासाठी महिन्याभराची खेळणी यावीत. ही तक्रार नवी वाटते, पण नवी नाही. आणि ज्या शहरात ती चालते तेथून म्हैसूरच्या रस्त्याने साठेक किलोमीटर गेले असता, राळेने मढविलेली छोटी माणसे घडविणारे एक सबंध गाव लागते, हे त्या मंडळींतील थोड्यांच्याच ध्यानी येत असेल. लाख हीही एक राळच. ती किड्याने केलेली, ही कारखान्याने केलेली, एवढाच भेद.

बंगळूर हे शहर मराठी माणसाला केवळ बदलीचे ठिकाण नव्हे, हे येथे नोकरीनिमित्त आलेल्या आपणा सर्वांस ठाऊक आहेच. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने, जिच्यात शहाजीराजे होते, हे नगर केंपेगौडाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. बाल शिवाजीने काही काळ येथे काढला. १६८७ मध्ये एकोजीराजांनी ते विकावयास काढले आणि तीन लाख रुपयांना ते चिक्कदेवराज वोडेयराकडे गेले. ज्या मुलाच्या किल्ल्यांच्या प्रतिकृती महाराष्ट्रातील मुले दर दिवाळीत अंगणात उभारतात, तो मुलगा या शहरात वावरला होता. म्हणून येथील सरकारी वसाहतीत तांबड्या मातीचा ढिगारा रचून त्याला कोणी सिंहगड म्हणू लागले तर त्यात परकेपण वाटत नाही. अडचण आहे ती पावसाची. महाराष्ट्रात दिवाळीपर्यंत आभाळ बहुधा निवळलेले असते. बंगळुरात मात्र ऑक्टोबरात पाऊस अजून चालूच असतो. संध्याकाळच्या एका सरीने बुरूज खचतो आणि कच्च्या मातीचा मावळा सकाळी ओळखू येत नाही. या मावळ्याकडे आपण पुढे परत येऊच.

पटावरील युद्धाची परंपरा दख्खनला फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचे सविस्तर वर्णन येते, ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, मराठी आणि कन्नड जेथे एकमेकींच्या अंगणात नांदतात तो मुलूख. मूळ पैठणच्या, पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचे नियम नोंदविले. १८१४ मध्ये तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील मूळ संस्कृत ग्रंथ इंग्रजी रूपाने मुंबईत छापला गेला. आणि म्हैसुरात तिसरे कृष्णराज वोडेयर, ज्यांचा राज्यकारभार १८३१ मध्ये इंग्रजांनी आपल्याकडे घेतला, त्यांनी उरलेले आयुष्य ज्या व्यासंगांत घालविले त्यांत पटावरील खेळांचे स्थान मोठे होते. घोड्याला चौसष्ट घरांतून प्रत्येक घरी एकेकदाच नेऊन परत आरंभाशी आणण्याचे कोडे त्यांनी सोडविले. ज्याच्या हातची खरी फौज गेली त्या राजाने लाकडाच्या घोड्याला इतक्या कुशलतेने फिरवावे, यातील करुण विनोद इतिहासकारांनी फारसा टिपलेला नाही.

या पटांवरील मोहऱ्यांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. उत्तरेत आणि दख्खनमध्ये दीर्घकाळ चाललेल्या पुष्कळ संचांत राजा हा राजासारखा दिसत नाही, हत्तीला सोंड नसते, घोड्याला आयाळ नसते. सारी मोहरी गोल, घुमटाकार, गळ्याशी बारीक आणि तळाशी रुंद. जिवंत प्राण्याच्या आकृती टाळण्याची मुसलमानी समजूत हे याचे एक कारण सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण दुसरे कारण कातारी सांगेल. कातकामाच्या यंत्रावर लाकूड स्वतःभोवती फिरते आणि पटाशी स्थिर धरलेली असते. म्हणून त्यावर जे निघते ते सर्व बाजूंनी सारखेच असणार. अशा यंत्रावर वजिराचा फेटा जमतो, वजिराचे नाक जमत नाही. हत्यारानेच शिपायाचे रूप ठरविले, आणि त्या रूपात तलवार नसल्यामुळे ती मोडण्याचा प्रश्नही उरला नाही. लंडनात १८४९ मध्ये नोंदविला गेलेला आणि आज जगन्मान्य असलेला स्टॉन्टन नमुना पाहा: त्यातही घोडा तेवढा कोरीव आहे, बाकीची सारी मंडळी कातीव.

चन्नपट्टणची कला या कातकामाचीच. त्या गावाला कन्नडमध्ये बाहुल्यांचे गाव म्हणतात. टिपू सुलतानाने इराणातून कारागीर आणवून ही विद्या तेथे रुजविली अशी लोकांची दृढ समजूत आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बावस मियाँ यांनी जपानी पद्धतींचा अवलंब करून तिला नवे वळण दिले असे सांगून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. टिपूचा आणि खेळण्यांचा संबंध जोडावयाचा तर त्याचा तो प्रसिद्ध लाकडी वाघ विसरून चालणार नाही. गोऱ्या शिपायाच्या नरडीवर बसलेला, आत वाद्याची योजना असलेला, रंगरोगण चढविलेला हा वाघ १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी विलायतेस नेला. पावणेदोन मीटर लांबीचे हे युद्धाचे खेळणे दुसऱ्या महायुद्धात छत कोसळून तुकडे तुकडे झाले होते. ते पुन्हा जोडावे लागले. तथापि लाखेचे कातकाम हे भारतात टिपूच्या पुष्कळ आधीचे आहे. पांडवांना जाळण्यासाठी जे घर बांधले गेले ते लाखेचे होते, ही कथा ज्या समाजाने रचली त्या समाजाला लाखेचा स्वभाव चांगलाच ठाऊक असला पाहिजे.

तो स्वभाव थोडा पाहावयास हवा, कारण साऱ्या गुणदोषांचे मूळ तेथे आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो आणि आपल्याभोवती राळेचे कवच तयार करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून लाख मिळते. या द्रव्याचे शास्त्र अभ्यासण्यासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये संशोधनसंस्था निघाली, त्या काळी लाख ही जागतिक व्यापाराची वस्तू होती. ग्रामोफोनच्या ज्या काळ्या तबकड्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी नाट्यसंगीत ऐकले त्या लाखेच्याच होत्या, आणि हातातून पडल्या की त्यांचे काय होई हे सांगावयास नको. उष्णतेने लाख मऊ होते, थंड झाली की पुन्हा कठीण. कारागीर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीचे लांब पान त्यावर धरतात, आणि ते खेळणे आरशासारखे चमकू लागते. यात कुंचला नाही, तेल नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही.

दोष शिरतो तो या साधेपणातूनच. चन्नपट्टणचे परंपरागत लाकूड म्हणजे तेथे ज्याला आले मर म्हणतात ते, आपल्याकडचा काळा कुडा. दुधी रंगाचे, बारीक पोताचे आणि छिन्नीला मऊ असे हे लाकूड तोडल्यावर दोन-तीन महिने वाळवावे लागते. दिवाळीपूर्वी किंवा दसऱ्याच्या बाहुल्यांच्या हंगामात मागणी वाढली, की हे महिने पहिल्याने कापले जातात. ओल्या लाकडावर चढविलेली लाख विकतानाही तितकीच चमकते. पुढे लाकूड सुकते, आक्रसते, आणि कडक झालेली लाख त्याच्याबरोबर आक्रसू शकत नाही. मग शिपायाच्या पाठीवर उभी चीर जाते किंवा लाखेचा पोपडा सुटतो. दुसरा दोष भेसळीचा. लाख महाग, साधी राळ स्वस्त. लाखेत राळ वाढविली की कांडी लवकर वितळते आणि काम झटपट उरकते. पण असे खेळणे उन्हाळ्यात हाताला चिकट लागते आणि थंडीत त्याच्या कडा उडतात. तिसरा दोष रंगाचा. हळद, नीळ, कात यांच्या रंगांची लाख सौम्य दिसते. बाजाराला भडक रंग हवा असतो, आणि भडक रंगांत पूर्वी शिसे, क्रोमियम यांसारखी द्रव्ये सहज येत. ज्या वस्तूला मूल प्रथम तोंडात घालते तिच्याविषयी हे बोलत आहोत, हे विसरता कामा नये.

आपल्या सावंतवाडीची कथा याहून फार वेगळी नाही. चितारआळीतील लाकडी फळे, पोळपाट-लाटणे, भोवरे हे कोकणातून मुंबईमार्गे साऱ्या महाराष्ट्राच्या घरांत गेले. तेथील हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाला कीड लवकर लागते, आणि कोकणातील चार महिन्यांचा पाऊस कोणत्याही सांध्याची परीक्षा घेतो. गंजिफाही तेथली. सावंतवाडीच्या गोल पत्त्यांचा दशावतारी संच १२० पत्त्यांचा, मोगली संच ९६ पत्त्यांचा. आणि अकबराच्या दरबारातील ज्या संचाचे वर्णन ‘आईन-इ-अकबरी’त येते, त्यात अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशा बारा सेना होत्या. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या कापडावर रंग आणि त्यावर लाखेचे रोगण. अशा पत्त्याने खेळताना तो वाकला की रोगणाला बारीक भेगा पडतात आणि खेळाडूला पाठीवरूनच पत्ता ओळखता येऊ लागतो. जुगारात यापरता दोष कोणता? छापील पत्ते आल्यावर हा खेळ मागे पडला. १९७० नंतरच्या वर्षांत शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ही कला मरता मरता वाचविली, तेव्हा जुनी रीत सांगू शकणारे वृद्ध चितारी जवळजवळ उरले नव्हते.

युरोपातील लहान शिपाई धातूचे. १८२४ मध्ये प्रशियाच्या रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून सिद्ध केलेला युद्धखेळ सैन्याच्या प्रशिक्षणात शिरला, त्यात मात्र पलटणींच्या जागी निव्वळ आयताकृती ठोकळे होते. गंभीर सेनापतींना चेहऱ्याची गरज भासली नाही. हौशी लोकांना भासली. १८९३ मध्ये ब्रिटन्स या विलायती कारखान्याने पोकळ शिशाचे शिपाई ओतण्यास आरंभ केला, आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहून त्या शिपायांच्या युद्धाचे नियमच घालून दिले. शिशाला एक चमत्कारिक रोग होतो. ओकच्या लाकडी कपाटात ते वर्षानुवर्षे बंद राहिले, की लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि शिपाई आतून पोखरला जातो. ही भुकटी रासायनिक दृष्ट्या आपल्या रंगाऱ्यांच्या सफेद्याची सख्खी बहीण. ज्या कपाटात मालकाने त्यांना जपले त्यानेच त्यांना खाल्ले! शिशाच्या विषारीपणामुळे १९६० नंतरच्या दशकात असे शिपाई खेळण्यांच्या दुकानांतून हद्दपार झाले आणि प्लॅस्टिकचे आले.

आता आपला मावळा. त्याचे मूळ रूप कुंभाराच्या घरचे. पुण्याच्या कसब्यातील कुंभारवाड्यात काय किंवा जिल्ह्याच्या बाजारात काय, साच्यातून काढलेला, उन्हात वाळविलेला आणि खळीच्या रंगाने रंगविलेला हा शिपाई हात अंगाला चिकटवून उभा असतो. तो शिस्तीमुळे तसा उभा नसतो. हात सुटा केला तर साच्यातून निघतानाच मोडतो म्हणून तसा असतो. ढाल पाठीला चिकटलेली, तलवार छातीशी टेकलेली, पाय दोन्ही मिळून एका ढिगाऱ्यात बुडालेले. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिसचे मावळे आले. ते गोरेगोमटे, नाकीडोळी ठसठशीत, पण मानेशी आणि घोट्याशी पोकळ हवा राहून तेथेच तुटणारे. कच्च्या मातीचा मावळा पावसात विरघळला तर किल्ल्याच्याच मातीत मिसळतो. प्लास्टरचा भिजतो, त्याचा रंग ओघळतो आणि तो चुनकळीसारखा पडून राहतो. सौंदर्याच्या दृष्टीने प्लास्टरचा शिपाई सरस असला तरी आमचा कौल मातीच्याच बाजूने पडतो. त्याच्या मरणातही काही सभ्यता आहे.

कृत्रिम राळेने कातारी आणि कुंभार या दोघांचीही बंधने तोडली. दोन द्रव पदार्थ मोजून मिसळावयाचे, रबरी साच्यात ओतावयाचे, काही मिनिटांत ते घट्ट होतात. साचा लवचीक असल्याने उगारलेली तलवार, उडता घोडा, वाऱ्यावरचा शेला हे सारे जमते. परंतु ज्या क्षणी शिपायाने हात उगारला त्या क्षणी त्याच्या दुःखांना आरंभ झाला. पॉलियुरेथेनच्या दोन घटकांपैकी एक पाण्याशी भिडला की कर्बद्विप्राणिद वायू निघतो. म्हणजे पावसाळी हवेत उघडे राहिलेले द्रव्य ओतताना स्वतःच बुडबुडे निर्माण करते. हे बुडबुडे तलवारीच्या टोकाशी, नाकाशी, बोटांशी जाऊन अडकतात, कारण ती साच्याची टोके. पुरते घट्ट होण्यापूर्वी मूर्ती बाहेर काढली की ती वाकते. पार्सल उन्हात तापलेल्या गाडीत राहिले तरी वाकते. आणि मग खेळाडू तिला गरम पाण्यात धरून सरळ करतात. चन्नपट्टणच्या कारागिराला यात नवल वाटणार नाही, राळ तापली की मऊ होणारच.

१९ व्या शतकात नव्हे, अगदी परवा, २०११ मध्ये नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या मोठ्या कंपनीने आपल्या धातूच्या पुष्कळ मूर्ती बदलून त्या ‘फाइनकास्ट’ नावाने राळेत आणल्या. नाव सूक्ष्म ओतकामाचे होते. पण बुडबुडे, अपुरी टोके आणि वाकडे भाले यांवरून जगभर तक्रारी उठल्या, आणि पुढील वर्षांत कंपनीचा भर प्लॅस्टिकवर गेला. या प्रकरणात राळेचा अपराध थोडा आणि वेगाचा अधिक. हाताने थोड्या प्रती ओतणाऱ्या कारागिराचे द्रव्य कारखान्याच्या संख्येला जुंपले गेले. आता प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेची छपाईयंत्रे घरोघरी आली आहेत, बंगळुरात तर अशा यंत्रांची वाण नाही. त्यांच्या मूर्तींचा दोष आणखी वेगळा: पोकळ शिपायाच्या पोटात न घट्ट झालेला द्रव राहिला, तर तो काही महिन्यांनी अंगाला चिरा पाडून बाहेर पाझरतो. ओले लाकूड आणि लाखेची तीच जुनी कहाणी.

चन्नपट्टणच्या खेळण्यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. त्या काळात चिनी खेळण्यांच्या स्वस्ताईने तेथील पुष्कळ यंत्रे थांबू लागली होती. नंतर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले, २०२३ मध्ये ते ७० टक्के केले. आणि खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा आदेश काढला, जो १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला. त्यानुसार खेळण्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह हवे. त्याची टोके, सुटे भाग, ज्वलनशीलता आणि रंगांतून पाझरणारी शिसे, कॅडमियम, पारा आदी द्रव्ये तपासली जावीत. मात्र डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक निर्देशन मिळालेल्या खेळण्यांना यातून सूट देण्यात आली.

नियम आणि अपवाद यांतच ज्यांचे आयुष्य जाते अशा आपल्या वाचकांना या सुटीची दोन्ही टोके दिसतील. एका खोलीत, एका यंत्रावर काम करणाऱ्या कारागिराला प्रयोगशाळेचे शुल्क परवडणार नाही. सूट नसती तर पहिल्या वर्षातच तो उठला असता. परंतु सूट मिळाल्यामुळे सच्च्या लाखेचे खेळणे आणि तैलरंग फासलेले खेळणे एकाच फळीवर, एकाच नावाने, कोणत्याही चिन्हाशिवाय उभे राहू शकतात. आणि दुसरे स्वस्त असल्याने पहिल्याला मारते. आमच्या मते येथे सूट पुरेशी नाही. गावातच सामाईक तपासणी आणि सामाईक लाकूडवखार हवी, जेथून वाळलेलेच लाकूड मिळेल. वाळवण्याच्या महिन्यांत जो पैसा अडकतो तो एकेकट्या कारागिराला सोसत नाही. दोषाचे मूळ त्याच्या हातात नसून त्याच्या उधारीत आहे.

तोपर्यंत सुटीवर गावी जाताना मुलांसाठी चन्नपट्टणची खेळणी नेणाऱ्याने परीक्षा स्वतःच करावी. खेळणे हातात घेऊन तळ पाहावा. तेथे लाख नसल्याने लाकूड उघडे असते, आणि चीर असल्यास पहिल्याने तेथेच दिसते. सपाट काचेवर ठेवून ते डगमगते का, हे पाहावे. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एखाद्या कोपऱ्यावर थोडा वेळ धरावा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून बोळ्याला रंग लागतो आणि तेवढी जागा निस्तेज होते. तैलरंग असेल तर तो बहुधा तसाच राहतो. दुकानदार कुरकुर करील, तर एक नग विकत घेऊन त्यावर करावी. रंग सुटला तर त्या नगावरचा थर बहुधा लाखेचा आहे एवढेच समजावे, रंगातील द्रव्ये या परीक्षेत कळत नाहीत.